शेजारच्या केमिकल कंपनीत दर शनिवारी भोंगा वाजतो. खरंच गॅस सुटला तर आम्हाला कसं कळणार?

मोबाईलच्या जमान्यात भोंगा कशाला, आणि तो नेहमीचाच झाल्यावर खरा कोणता हे ओळखायचं कसं, असं तुम्ही विचारलंय. मी केमिकल प्लांटमध्ये इन्स्ट्रुमेंटेशनला आहे. गॅस डिटेक्टर, हूटर म्हणजे भोंगा, घोषणांची पीए सिस्टीम हे सगळं आमच्याच खात्याकडे असतं.

ओळख आवाजावरून पटते. तेल आणि गॅस कंपन्यांत ओआयएसडीच्या, म्हणजे तेल उद्योग सुरक्षा संचालनालयाच्या, मानकाप्रमाणे मोठ्या आगीला चढउताराचा भोंगा दोन मिनिटं वाजतो. त्याहून गंभीर प्रसंगी तोच भोंगा मध्ये एकेक मिनिट थांबून तीनदा, म्हणजे एकूण आठ मिनिटं. धोका टळला की दोन मिनिटं एकसुरी, आणि चाचणीचाही एकसुरीच. तुमचा शनिवारचा बहुतेक हाच असावा. पण केमिकल कंपन्यांचे कोड वेगळे असू शकतात, तेव्हा तुमच्या कंपनीचा कोड विचारून घ्या.

मोबाईलवरचा इशारा चांगलाच आहे. 2023 मध्ये देशभर त्याच्या चाचण्या झाल्या, तुमचाही फोन खणाणला असेल. पण कंपनीने प्रशासनाला कळवायचं, तिथून मेसेज निघायचा, यात वेळ जातो. गॅस तेवढा थांबत नाही. भोंगा मात्र बटण दाबल्या क्षणी वाजतो.

अडतं ते बटण दाबण्यापाशी. 7 मे 2020 ला विशाखापट्टणममध्ये एलजी पॉलिमर्सच्या टाकीतून पहाटे स्टायरीन या विषारी रसायनाची वाफ सुटली. सायरन वाजवायची सोय कारखान्यात 36 ठिकाणी होती, असं सरकारी समितीच्या अहवालात आहे. एकाही ठिकाणाहून तो वाजवला गेला नाही. भोपाळमध्ये तर 1982 मध्येच आतला आणि वस्तीसाठीचा भोंगा वेगळे केले होते, बारीकसारीक गळतीने लोक घाबरू नयेत म्हणून. 1984 च्या त्या रात्री वस्तीचा भोंगा थोडा वेळ वाजला आणि बंद केला गेला. लोक झोपेतच राहिले.

नाइट शिफ्टच्या ऑपरेटरच्या मनात काय चालतं ते मला माहीत आहे. आधी साहेबांना फोन करू, उगाच वाजवला आणि प्लांट बंद पडला तर सकाळी जाब द्यावा लागेल. म्हणून माझा आग्रह असतो की कंत्राटी कामगारालाही काच फोडून बटण दाबायची मुभा हवी आणि अलार्म खोटा निघाला तरी त्याला कुणी बोल लावता कामा नये. हे लेखी असावं, नुसतं तोंडी नको.

चाचणीतही मेख असते. कंट्रोल रूममधून बटण दाबलं की हूटर चालतो एवढंच कळतं. टाकीजवळच्या, काच फोडून दाबायच्या बटणाच्या लाल डबीची वायर उंदराने कुरतडली असली तरी पत्ता लागत नाही. म्हणून दर वेळी वेगळ्या डबीवरून चाचणी घ्यावी, मेन सप्लाय बंद करून बॅटरीवरही वाजवून बघावं आणि एका माणसाला कंपाउंडबाहेर ऐकायला उभं करावं. पावसाळ्यानंतर हूटरच्या कर्ण्यात कुंभारमाशीचं घर सापडतं, आवाज निम्म्यावर येतो.

तुमच्याकडून काय? भोंगा खरा असेल तर बघायला बाहेर पडू नका. दारं-खिडक्या, एसी, एक्झॉस्ट फॅन बंद करा, घोषणा ऐका. बाहेरच असाल तर वारा जिकडे वाहतोय तिकडे पळू नका. वारा आडवा कापून बाजूला निघा. क्लोरीनसारखा गॅस हवेपेक्षा जड असतो, त्यामुळे सखल जागेत थांबू नका.

आणि एक हक्क वापरा. 1989 च्या घातक रसायनांच्या नियमांनुसार अतिधोकादायक कारखान्याने आसपासच्या लोकांना धोका कोणता आणि काय करायचं, काय टाळायचं, हे कळवायलाच हवं. वस्तीसाठीच्या ऑफ-साइट आराखड्याची मॉक ड्रिल वर्षातून एकदा तरी घ्यावी लागते. सोसायटीच्या लेटरहेडवर कंपनीला आणि जिल्हाधिकारी कार्यालयाला पत्र द्या. भोंग्याचा कोड आणि पुढच्या ड्रिलची तारीख मागा, आणि त्या ड्रिलमध्ये तुमच्या सोसायटीलाही घ्यायला सांगा.