नोटीस नंतर, आधी त्या पाण्याचा रिपोर्ट

प्रश्न : मी कोल्हापूरची, शिरोली एमआयडीसीत नोकरीला आहे. सहा वर्षांपूर्वी, लग्नाआधी, पुण्यात कॉस्मेटिक शस्त्रक्रिया करून स्तनांत सिलिकॉन इम्प्लांट बसवून घेतले. यंदा कंपनीच्या शिबिरात फ्लूची लस घेतली आणि आठवड्याभरात डावी बाजू सुजून लाल झाली. इथल्या हॉस्पिटलात दाखल करून सुईनं पाणी काढलं. पुण्याचे डॉक्टर म्हणतात, ‘हे लसीमुळे झालं, माझा संबंध नाही.’ जुने कागदही देत नाहीत. कंपनीच्या ग्रुप पॉलिसीनं ‘कॉस्मेटिक’ म्हणून क्लेम नाकारला. लस बनवणाऱ्यांवर केस करावी का? आता उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच इथंच आहे, तिथं जाता येईल का? नवऱ्याला सगळं माहीत आहे, सासरी कुणालाच नाही.

उत्तर : ताई, अजून कुणालाही नोटीस पाठवू नका. काढलेलं पाणी तपासायला पाठवलं होतं का, हे तुम्ही लिहिलेलं नाही, आणि मला सगळ्यात जास्त काळजी त्याचीच वाटते. खरबरीत पृष्ठभागाच्या काही इम्प्लांटभोवती क्वचित एक प्रकारचा लिम्फोमा, म्हणजे लसिकापेशींचा कर्करोग, होतो. त्यामुळेच जुलै २०१९ मध्ये अ‍ॅलर्गन कंपनीनं आपले बायोसेल इम्प्लांट जगभरातून परत घेतले. त्या आजाराची नेहमीची खूण म्हणजे शस्त्रक्रियेनंतर काही वर्षांनी एका बाजूला पाणी साचून येणारी सूज. तुम्हाला तो आहे असं मी म्हणत नाही, आणि तो दुर्मीळच आहे. पण ‘लसीमुळे झालं’ असं फोनवर ऐकून गप्प बसू नका. पाण्याची पेशी-तपासणी आणि त्या लिम्फोमाची खूण शोधणारी सीडी-३० चाचणी झाली का, हे उद्याच डॉक्टरांना विचारा. नसेल झाली तर पुढं काय करायचं तेही त्यांच्याकडून लेखी घ्या.

लसीचा संबंध असूच शकत नाही, असंही नाही. डिसेंबर २०२० मध्ये मॉडर्नाच्या कोविड लसीच्या चाचणीत, आधी फिलर (चेहरा भरीव दिसावा म्हणून टोचतात ते इंजेक्शन) घेतलेल्या मोजक्या लोकांचा चेहरा किंवा ओठ सुजल्याची नोंद अमेरिकेच्या औषध प्रशासनानं केली होती. त्यातल्या एकाला पूर्वी फ्लूच्या लसीनंतरही असाच त्रास झाला होता. पुढं इम्प्लांटभोवती सूज आल्याच्या तुरळक नोंदीही वैद्यकीय नियतकालिकांत आल्या. पण लस आधी आणि सूज नंतर, एवढ्यावर भरपाई मिळत नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम ८४ खाली उत्पादनातला दोष किंवा इशारा देण्यातली कसूर सिद्ध करावी लागते, आणि त्यामुळेच इजा झाली हेही. आजच्या कागदांवर ही केस उभी राहत नाही. लसीनंतरचा त्रास म्हणून नोंद मात्र जरूर करा. डॉक्टरांकरवी जिल्हा परिषदेच्या आरोग्य विभागाला कळवा, किंवा १८००-१८०-३०२४ या क्रमांकावर.

पुण्याच्या डॉक्टरांकडे तारीख घालून लेखी अर्ज करा, रजिस्टर्ड पोस्टानं. मागणी केल्यावर ७२ तासांत कागद द्यावेत, असं वैद्यकीय परिषदेचे २००२ चे नियम सांगतात. अडचण अशी की आंतररुग्णाचे कागद तीनच वर्षं जपायचं बंधन आहे, त्यामुळे ‘नष्ट झाले’ असं उत्तर येऊ शकतं. म्हणून घरातली जुनी फाईल उपसा. इम्प्लांटच्या खोक्यावरचा कंपनी, मॉडेल आणि क्रमांकाचा स्टिकर बहुधा पेशंटच्या कार्डावर चिकटवून देतात. तो सापडला तर निम्मं काम झालं. संमतिपत्रही शोधा, कारण इम्प्लांट जन्मभर टिकत नाहीत आणि नंतर अशी सूज येऊ शकते हे तुम्हाला सांगितलं होतं का, यावर डॉक्टरांची जबाबदारी ठरेल.

ग्राहक आयोगात जायला दोन वर्षांची मुदत आहे. इजा आत दडलेली असेल तर मुदत ती कळल्यापासून मोजतात, पण ‘श्रीखंडे विरुद्ध अनिता फर्नांडिस’ (२०१०) या निकालातल्या बाईंनी नऊ वर्षं दुखणं अंगावर काढलं, डॉक्टरांना विचारलं नाही, आणि मुदतीवरच त्या हरल्या. तुमची सूज ताजी आहे, तोवर हालचाल करा. तक्रार कोल्हापूरच्या जिल्हा आयोगातच करता येते, पुण्याला हेलपाटे नकोत. डॉक्टरांना दिलेली रक्कम पाच लाखांच्या आत असेल तर फीही नाही. सर्किट बेंचकडे जायचं हे प्रकरणच नाही.

तुमची बाजू आज भक्कम आहे ती विम्यात. कॉस्मेटिक शस्त्रक्रिया वगळणाऱ्या प्रमाणित कलमातच एक अपवाद आहे : प्रकृतीला असलेला थेट आणि तातडीचा धोका दूर करण्यासाठी उपचार वैद्यकीयदृष्ट्या गरजेचा होता, असं उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी प्रमाणित केलं, तर वगळणूक लागू होत नाही. तुम्ही रूप बदलायला नव्हे, सूज आणि लाली घेऊन दाखल झालात. पॉलिसीत हे कलम जसंच्या तसं आहे ना, ते बघा. डॉक्टरांकडून नेमक्या याच शब्दांत दाखला घ्या आणि विमा कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे लेखी द्या. महिन्याभरात उत्तर आलं नाही किंवा नकारच आला, तर पुण्याच्या विमा लोकपालाकडे वर्षाच्या आत जा. तिथं फी नाही आणि वकीलही चालत नाही, स्वतःच बोलायचं असतं.

सासरच्या धास्तीपोटी उपचार किंवा तक्रार लांबवू नका. तुमची माहिती गुप्त ठेवणं डॉक्टरांवर बंधनकारक आहे. गळती होते ती एचआरच्या टेबलावरून, तेव्हा क्लेमचे कागद तिथं न देता थेट टीपीएला (विमा कंपनीसाठी क्लेम हाताळणाऱ्या संस्थेला) पाठवण्याची परवानगी ईमेलनं मागा. ग्राहक आयोगाच्या यादीत पक्षकाराचं नाव दिसतं. ते झाकण्यासाठी अर्ज करता येतो, मान्य करणं आयोगाच्या हाती असतं. लोकपालाकडे असा बोभाटा नाही, म्हणूनही सुरुवात तिथून करा.