मॉग प्रथिनावरच्या पीएचडीसाठी म्युनिकला येताना

पुण्यात बायोटेक्नॉलॉजीत एम.एस्सी. झाल्यावर म्युनिकच्या एका प्रयोगशाळेत मॉग (मायलिन ऑलिगोडेंड्रोसाइट ग्लायकोप्रोटीन) या मायलिन-प्रथिनावर पीएचडी करण्याची संधी तुम्हाला मिळाली आहे आणि निघण्यापूर्वी काय शिकून यावे, असे तुम्ही विचारले आहे. मी येथे याच प्रथिनावर सहा वर्षे काम करत असल्यामुळे मुख्यतः कामाविषयीच लिहिते.

मॉग हे 218 अमिनो आम्लांचे प्रथिन मेंदू आणि मज्जारज्जूतील मायलिनच्या, म्हणजे मज्जातंतूंभोवतीच्या आवरणाच्या, सर्वांत बाहेरच्या थरावर असते. मायलिनमधील प्रथिनांत त्याचा वाटा एक टक्काही नाही, पण ते उघड्यावर असल्यामुळे प्रतिपिंडे त्याला सहज गाठतात आणि मग एखाद्या लहान मुलाची दृष्टी काही दिवसांतच अंधुक होते. 2003 साली म्युनिकजवळच्या मार्टिन्सरीड येथील संशोधकांनी रॅट या मोठ्या उंदराच्या मॉगची त्रिमितीय रचना प्रसिद्ध केली. त्याच वर्षी वेस्टर्न ब्लॉट या प्रथिन-चाचणीने मॉगविरोधी प्रतिपिंडे शोधून मल्टिपल स्क्लेरोसिस या मायलिन नष्ट करणाऱ्या आजाराचे भाकीत करता येते, असा दावा झाला. 2007 सालच्या मोठ्या अभ्यासात तो टिकला नाही. वेस्टर्न ब्लॉटमध्ये प्रथिनाची घडी, म्हणजे त्याचा त्रिमितीय आकार, मोडते, आणि रुग्णांची प्रतिपिंडे प्रामुख्याने घडी शाबूत असलेल्या मॉगलाच ओळखतात. पुढे मॉगविरोधी प्रतिपिंडे असलेल्या या रुग्णांचा आजार मल्टिपल स्क्लेरोसिसहून वेगळा ठरला आणि 2023 साली त्याच्या निदानाचे आंतरराष्ट्रीय निकष आले. प्रथिनाची घडी जपणे हाच तुमच्या कामाचा गाभा असेल, आणि मला हा विषय प्रिय आहे तो त्यामुळेच.

म्हणून जिवंत एचईके पेशींमध्ये (प्रयोगशाळेत वाढवल्या जाणाऱ्या मानवी पेशींमध्ये) मानवी मॉगचे जनुक घालून, त्यांवर रुग्णाचे सीरम (रक्तातील द्रव) टाकून, एकेक पेशी तपासणाऱ्या फ्लो सायटोमीटरवर चिकटलेल्या प्रतिपिंडांची मोजणी करावी लागते. या पेशी थाळीला फार सैल चिकटतात. बफर (पेशी धुण्याचे द्रावण) मधोमध ओतला की अख्खा थर सायीसारखा उचलला जातो, त्यामुळे तो कडेने, हलक्या हाताने सोडण्याची सवय आधीच लावून घ्या. पुण्यातच राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र आहे. तेथे किंवा अन्यत्र दोन-तीन महिने पेशीसंवर्धन आणि फ्लो सायटोमेट्री प्रत्यक्ष हाताने करण्याची संधी मिळत असेल, तर ती सोडू नका.

मार्गदर्शकांना एक प्रश्न अवश्य विचारा: प्रकल्प रुग्णांच्या सीरमवर आहे की उंदरांवर? अनेक रुग्णांची प्रतिपिंडे मानवी मॉगला चिकटतात, पण उंदराच्या मॉगला चिकटत नाहीत, कारण 42 व्या स्थानी मानवात प्रोलीन हे अमिनो आम्ल आहे, तर उंदरात सेरीन. उंदरांवर काम असल्यास त्यासाठीचे प्रशिक्षण आणि परवानगी मिळवण्यात बरेच महिने जातात, हे वेळापत्रकात धरा.

वेतन बहुधा टीव्ही-एल ई13 या जर्मन सरकारी वेतनश्रेणीचा काही भाग असते. करारातील टक्केवारी वाचूनच घर पाहा. प्रयोगशाळेत इंग्रजी चालते, तरी प्राथमिक जर्मन शिकून या. मानवी सीरम हाताळायचे असल्याने हिपॅटायटिस बी लसीचे डोस भारतातच पूर्ण करा आणि प्रमाणपत्र सोबत ठेवा. लहान मुलांचे नमुने कित्येकदा थेंबभरच असतात; ते पहिल्यांदा वितळवाल तेव्हाच छोट्या नळ्यांत विभागून ठेवा, म्हणजे पुन्हा पुन्हा गोठवावे लागणार नाहीत.