तिन्ही एकदम नको रे बाबा

अरे, नवी नोकरी, नवी सायकल आणि बिअर बनवायचं किट, सगळं एकाच महिन्यात? मीही हेच केलं होतं. ऑन-कॉलच्या आठवड्यात (म्हणजे कामाचा फोन कधीही येऊ शकतो अशा पाळीत) वर्ट, म्हणजे बिअर होण्याआधीचं माल्टचं गोड पाणी, उकळत ठेवलं, फोन वाजला, आणि उतू गेलेला काळा पाक दोन दिवस शेगडीवरून खरवडत बसलो.

सध्या एवढंच:

- ऑन-कॉल असताना फक्त धाव. अर्धा तास, गप्पा मारता येतील इतक्या वेगाने.
- सायकल शनिवारी. पायडल तळाला असताना गुडघा किंचित वाकलेला हवा. नवशिक्यांची सीट हमखास खाली असते.
- बिअरची १९ लिटरची बॅच, महिन्यातून एकदाच. उकळून झाल्यावर लागणारी प्रत्येक वस्तू सॅनिटाइझ कर आणि आंबत असताना दोन आठवडे भांड्याचं झाकण उघडून डोकावू नकोस. (इथे अमेरिकेत चालतं, पुण्यात परवान्याशिवाय हा उद्योग नको!)

पॉवर मीटर (पायडलवर किती जोर लागतो ते मोजणारं यंत्र), हॉप्सच्या (बिअरला कडवटपणा देणाऱ्या फुलांच्या) जाती वगैरे पुढच्या वर्षी बघू.