विम्याची परीक्षा : नियम कर्नाटकाचे की महाराष्ट्राचे?

प्रश्न : माझे निपाणीत दुकान आहे. शिक्षण दहावी. गाडी व घर यांच्या विम्याची एजन्सी घ्यायची आहे. तयारीच्या एका व्हिडिओत, परीक्षेचा एक भाग ‘राज्याच्या विमा नियमांवर’ असतो असे सांगितले. माझे बरेचसे गिऱ्हाईक कागल-कोल्हापूरकडचे आहे. मी कोणत्या राज्याचे नियम वाचावेत? पेपर कन्नडमध्येच द्यावा लागेल का?
— एक वाचक

उत्तर : तो व्हिडिओ बहुधा अमेरिकेतला असावा. तेथे १९४५च्या मॅककॅरन-फर्ग्युसन कायद्याने विम्याचे नियमन राज्यांकडेच ठेवल्यामुळे घर-मोटारीच्या विम्याचा परवाना मागणाऱ्याला त्या त्या राज्याचे नियम अभ्यासावे लागतात. आपल्याकडे विमा हा राज्यघटनेच्या संघसूचीतला विषय आहे. १९३८चा विमा कायदा आणि हैदराबादच्या विमा नियामक प्राधिकरणाचे नियम निपाणीला आणि कागलला सारखेच लागू आहेत. सीमाप्रश्नाचा निकाल काहीही लागो, आपला अभ्यासक्रम बदलणार नाही.

दहावी पुरेशी आहे. अर्ज विमा कंपनीमार्फत करावा. पेपर पन्नास प्रश्नांचा, एका तासाचा असून ३५ टक्क्यांना उत्तीर्ण होता येते. भाषा मराठी निवडता येते. मात्र आपण रोज ‘थर्ड पार्टी’ म्हणतो आणि छापील मराठीत ‘तृतीय पक्ष’ दिसताच अडखळतो, म्हणून पुस्तकही मराठीच घ्यावे.

वेळ द्यायचा तो कलमांना. कलम ६४व्हीबी पाहा : गिऱ्हाइकाने संध्याकाळी दुकानात हप्त्याचे पैसे दिले आणि आपण ते गल्ल्यातच ठेवले, तर ‘पैसे दिले म्हणजे विमा सुरू’ हा त्याचा समज कायद्याला धरून नाही. हप्ता कंपनीकडे भरला जाण्यापूर्वी कंपनीला जोखीम घेता येत नाही, आणि एजंटाने घेतलेली रक्कम, बँक व टपालाच्या सुट्ट्या वगळून, चोवीस तासांत पोहोचती करावी लागते. कलम ४१ही तितकेच पक्के करावे. ‘दुसरा एजंट कमिशनमधले पाचशे सोडतो, तुम्हीही सोडा’ हे वाक्य आपल्याला पहिल्याच आठवड्यात ऐकू येईल. तशी सूट देणे आणि घेणे, दोन्ही गुन्हा आहे.

राज्याची हद्द आडवी येते ती तक्रारीच्या वेळी. कर्नाटकासाठी विमा लोकपाल बेंगळुरूला आहेत, कोल्हापूरसाठी पुण्याला. तक्रारदार आपल्या राहत्या पत्त्यानुसार किंवा कंपनीच्या संबंधित शाखेनुसार दाद मागू शकतो. त्यामुळे निपाणीत पॉलिसी घेतलेल्या कागलच्या गिऱ्हाइकाला पुण्याचा मार्गही खुला असतो.