लिनक्सचं रूट पार्टिशन (जिथे सिस्टिम असते तो डिस्कचा मुख्य भाग) भरलं. ऑप्ट फोल्डरमधलं सॉफ्टवेअर दुसऱ्या डिस्कवर हलवून जुन्या जागी सिमलिंक (खऱ्या जागेकडे नेणारी खूण) दिली तर चालेल का?
हो, चालेल. प्रोग्रॅम बंद करा, 'सीपी -ए'ने फोल्डर नव्या डिस्कवर कॉपी करा (मालकी, परवानग्या तशाच राहतात), जुन्याचं नाव बदला आणि त्या जागी 'एलएन -एस'ने पूर्ण पाथची लिंक द्या. फाइल उघडताना कर्नलच (सिस्टिमचा गाभा) लिंकमागे जातो, त्यामुळे प्रोग्रॅमची सेटिंग्ज बदलावी लागत नाहीत. डिस्क मात्र एक्सटी४सारख्या लिनक्स फॉरमॅटची हवी. एक्सफॅटवर लिनक्सच्या परवानग्या टिकत नाहीत. सगळं नीट चाललं की मगच जुनं फोल्डर उडवा.

अडचण येते ती अ‍ॅपआर्मरची, कारण प्रोग्रॅमला कोणत्या फाइली उघडू द्यायच्या हे ठरवणारी ही सुरक्षा यंत्रणा लिंकचा नाही, तर खरा पाथ तपासते. उबंटूवर मायएसक्यूएल या डेटाबेसचं डेटा फोल्डर असं हलवलं, तर लिंक बरोबर असूनही सर्व्हर सुरू होत नाही. तिथे बाइंड माउंट वापरा, म्हणजे लिंकऐवजी नवं फोल्डरच जुन्या पाथवर जोडा.