होडीच्या फिटिंगखाली नक्की काय भरायचं?

प्रश्न : माझी जुनी फायबरची एंटरप्राईज (शिडाची छोटी होडी) आहे, सव्वातेरा फुटी, मांडव्याला असते. दोन-तीन तास सेलिंग करून आलं की होडी तरंगती ठेवणाऱ्या बाजूच्या हवेच्या टाक्यांमधून लिटरभर तरी पाणी निघतं. हल (होडीचं बाहेरचं अंग) ठीक आहे, फिटिंगच्या बोल्टमधून येतंय असं वाटतं. हार्डवेअरवाल्याने बाथरूमचं सिलिकॉन दिलंय, मित्र म्हणतो थ्रीएमचं ५२०० लाव, आयुष्यभर बघायला नको. सिकाफ्लेक्स, ब्युटाइल टेप ही नावं पण ऐकली. एकच काहीतरी सगळीकडे लावलं तर चालेल ना? – एक वाचक, अलिबाग

उत्तर : नाही चालणार, आणि आधी ते ५२०० बाजूला ठेवा. मित्राने मनापासून सांगितलंय पण ते सीलंट (फट बुजवून पाणी अडवणारं) कमी आणि गोंद जास्त आहे, पुढे कधी क्लीट (दोरी अडकवायचं फिटिंग) काढायला गेलात तर क्लीटबरोबर जेलकोटचा, म्हणजे फायबरवरच्या चकचकीत थराचा, पापुद्रा निघून येईल. फिटिंग धरून ठेवायचं काम बोल्टचं आणि आतल्या मोठ्या वॉशरचं, सीलंटने फक्त पाणी अडवायचं. आणि होडीवरचं प्रत्येक फिटिंग कधी ना कधी काढावंच लागतं. खास करून डोलकाठीच्या तारा जिथे अडकतात त्या चेनप्लेट, कारण स्टेनलेसला हवा मिळाली नाही आणि ओल मिळाली की तो आतल्या आत गंजतो, बाहेरून चकचकीत दिसतो, म्हणून ते काढून बघता आलंच पाहिजे. आपल्याकडच्या लाकडी होड्यांच्या सांधीत कापूस ठोकून वर राळ-तेल भरतात ते पण परत उकरून नवीन भरता येतं, तोच विचार इथे लावा.

बाथरूमचं सिलिकॉन तर नकोच. ज्याला व्हिनेगरसारखा वास येतो ते सुकताना ॲसिड सोडतं, धातूला वाईट. पण माझा खरा राग त्याच्या डागावर आहे. मी एका होडीच्या क्लीटखाली लावलं होतं, पुढच्याच सीझनला गळायला लागलं, आणि काढल्यावर तिथे जेलकोटचा पॅच काही केल्या धरेना कारण न दिसणारा थर तसाच राहतो. ॲसिटोनने पुसलं तर तो अजून पसरतो. आधी प्लास्टिकच्या पट्टीने खरवडायचा, मग पॉलिश पेपर मारायचा, मगच ॲसिटोन.

तुमच्या क्लीट, फेअरलीड (दोरीला दिशा देणारी कडी), जिबचे म्हणजे पुढच्या लहान शिडाचे ट्रॅक, चेनप्लेट या सगळ्यांना ब्युटाइल टेप लावा, पाण्याच्या रेषेच्या वर याच्यासारखं दुसरं काही नाही असं माझं स्पष्ट मत आहे. ते कधीच सुकत नाही, मऊच राहतं, त्यामुळे फिटिंग थोडं हललं तरी सोडत नाही. घेताना बघून घ्या, पत्र्याच्या छपराला लावायची अल्युमिनियमची पट्टी नको आणि काळं डांबरासारखं पण नको, कागदात गुंडाळलेली नुसती राखाडी चिकट पट्टी हवी. भोकाच्या तोंडाला मोठ्या ड्रिलने हलकीशी खोबण करा, बोल्टच्या डोक्याखाली टेपची वळी गुंडाळा आणि आवळताना वरून बोल्ट घट्ट धरून आतून फक्त नट फिरवा, बोल्ट फिरला तर सील तुटतं. एकदम नका आवळू, आज थोडं, उद्या थोडं, परवा थोडं, उन्हात मऊ पडतं तेव्हा छान दबतं. बाहेर आलेलं कापून टाका. फक्त पेट्रोल लागेल तिथे ब्युटाइल नको, विरघळतं.

पाण्याखाली मात्र ब्युटाइल वापरायचं नाही. सेल्फ-बेलर (होडी चालताना आतलं पाणी बाहेर काढणारी तळाची झडप) आणि सुकाणूची खालची बिजागरी यांना ट्यूबमधलं पॉलिसल्फाइड सीलंट लावा, नाही मिळालं तर सिकाफ्लेक्स २९१, ते ५२०० सारखंच पॉलियुरेथेन आहे पण तितकं हट्टी नाही. ही दोन्ही हवेतल्या दमटपणावर सुकतात, कोकणात लवकर सुकतील, पण उघडलेली ट्यूब पण तशीच लवकर दगड होते म्हणून एका दिवसात सगळं उरका. सिकाफ्लेक्स ओलं असताना हाताला लागलं म्हणून फिटिंगजवळ स्पिरिटने पुसू नका, अल्कोहोलने ते नीट सुकतच नाही. टाकीच्या गोल प्लास्टिक झाकणाच्या रिंगला मात्र यातलं एकही नको, काही प्लास्टिक याने कडक होऊन तडकतं, आणि ॲसिटोन तर अजिबात नको. तिथे पण ब्युटाइलच.

काढलंच आहे तर भोकात स्क्रूड्रायव्हर टोचून बघा. जुन्या होड्यांत फिटिंगच्या आत प्लायचा तुकडा बसवलेला असतो, तो भुसभुशीत लागला तर कुठलंही सीलंट काही करू शकणार नाही, आधी तो पूर्ण वाळवा, कुजलेलं काढा, भोक मोठं करून घट्ट इपॉक्सी भरा आणि त्यातूनच नवीन भोक पाडा. म्हणूनच हे काम पावसाळ्यानंतर, ऑक्टोबरच्या उन्हात करा.

आणि सुरुवात करायच्या आधी नक्की कुठून गळतंय ते शोधून घ्या. झाकण घट्ट लावा, टाकीच्या बुचात रबरी नळी बसवून तोंडाने हळू फुंका, कंप्रेसर लावू नका, टाकीच फाटेल. दुसऱ्याला ब्रशने सगळ्या बोल्टांवर साबणाचं पाणी लावायला सांगा. बुडबुडे येतील तिथे खडूने गोल करा. झाकणाच्या रिंगवर पण बघायला विसरू नका, बऱ्याचदा तिथूनच येत असतं.