विहिरीतला काळा दगड आणि कोळशाची खाण

प्रश्न : आमच्या शेतात विहीर खोदताना 40 फुटांखाली काळाकुट्ट, चकचकीत दगड लागला. तो कोळसाच आहे, अशी गावात चर्चा आहे. आपल्या भागात कोळसा मिळू शकतो का? खाणीतून तो काढतात तरी कसा?
— एक वाचक, कडेगाव (जि. सांगली)

उत्तर : आपल्याला लागलेला दगड बहुधा बेसाल्ट, म्हणजे आपला नेहमीचा काळा पाषाणच असावा. कोळसा त्याच आकाराच्या बेसाल्टच्या तुकड्यापेक्षा जवळजवळ निम्म्या वजनाचा असतो, त्यामुळे नुसता हातात घेतला तरी शंका फिटेल.

सांगली-साताऱ्याची भूमी सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाची आहे आणि लाव्हारसात कोळसा तयार होत नाही. महाराष्ट्रातील कोळसा त्याहून कितीतरी जुना, म्हणजे सुमारे 28 कोटी वर्षांपूर्वी दलदलीत गाडल्या गेलेल्या वनस्पतींपासून बनलेला असून, तो नागपूर, चंद्रपूर आणि यवतमाळ जिल्ह्यांतील गोंडवन नावाच्या, गाळ साचून बनलेल्या खडकांत (गाळखडकांत) सापडतो. मग हेच खडक आपल्याकडे बेसाल्टच्या खाली दडलेले असतील काय? ही शंका रास्त आहे, कारण विदर्भात काही ठिकाणी तसे आहेतही. परंतु कोयनेच्या भूकंपांच्या अभ्यासासाठी पाटण तालुक्यातील रासाटी येथे खोल छिद्र घेतले, तेव्हा सुमारे 930 मीटर बेसाल्ट संपताच थेट ग्रॅनाइट लागला. मध्ये गाळखडकाचा थर नव्हता. परिसरातील इतर छिद्रांतही तेच आढळले. तेव्हा कोळशाच्या आशेने कोणी बोअर मारण्याचा सल्ला दिला, तर तो खर्च टाळावा, हे उत्तम.

आता कोळसा काढतात कसा, ते पाहू. कोळशाचा थर जमिनीलगत असेल तेथे उघडी खाण करतात. आधी सुपीक माती व वरचा खडक सुरुंग लावून, यांत्रिक फावड्यांनी उचलून डंपरने बाहेर टाकतात आणि नंतर कोळसा पायऱ्यापायऱ्यांनी काढतात. वर्धा खोऱ्यात थराची जाडी काही ठिकाणी 15 मीटरहून अधिक असल्याने ही पद्धत परवडते. मात्र त्यापायी कापसाची काळी जमीन जाते आणि मातीदगडांचे डोंगर मागे उरतात, हा हिशेब खाणीच्या खर्चात क्वचितच धरला जातो.

थर खोल असल्यास उतरत्या बोगद्याने किंवा उभ्या विवराने खाली जावे लागते. तेथे एकमेकांना छेदणारे बोगदे खणून मधले कोळशाचे चौकोनी खांब छताला आधार म्हणून राखतात. म्हणजे बराच कोळसा खांबांतच अडकून पडतो, आणि तो काढण्याची वेळ सर्वांत जोखमीची असते. खांब ओळीने काढत मागे सरकायचे आणि मोकळ्या जागेवरचे छत कोसळू द्यायचे. वर वस्ती, रस्ता वा नदी असेल, तर ते चालत नाही, म्हणून पाण्याबरोबर वाळू सोडून पोकळी भरतात. कोळशातून सुटणारा मिथेन हवेत ठराविक प्रमाणात मिसळला, तर ठिणगीनेही स्फोट होतो. त्यामुळे मोठ्या पंख्यांनी खाणीत अखंड हवा खेळवली जाते.